बांगडीच्या गावची वीट



लगीनसराई सुरू झाली की कासाराच्या, मण्याराच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नवरीला हिरवा चुडा, करवलीला रंगीत, लेकरांना बारक्या मापाच्या. आपण रंग बघतो, माप बघतो, भाव करतो. ही काच येते कुठून हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. विचारलं तर बहुतेक वेळा एकच नाव ऐकू येतं, फिरोजाबाद. उत्तर प्रदेशातलं, आग्र्यापासून चाळीसेक किलोमीटरवरचं हे गाव. आज बोलायचं आहे ते तिथल्या काचेबद्दल. बांगडीकडं येऊच, पण आधी वीट.

हो, काचेची वीट. झाँ-मिशेल ओथोनिएल नावाचे एक फ्रेंच कलाकार आहेत, जन्म १९६४ चा. काचेत काम करण्यासाठी ते जगभर ओळखले जातात. साधारण २००९ च्या सुमारास ते भारतात फिरत होते, तेव्हा रस्त्याच्या कडेला जागोजागी विटांचे ढीग त्यांच्या नजरेत भरले. कधीतरी घर बांधू म्हणून लोकांनी जमवून ठेवलेल्या विटा. आपल्याला यात नवल नाही. घरकुलाचा एक हप्ता आला की विटा येऊन पडतात आणि दुसरा येईपर्यंत त्यांच्यावर गवत उगवतं. त्या पाहुण्याला मात्र त्या ढिगात माणसाची आस दिसली. त्यांनी फिरोजाबादच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांकडून काचेच्या विटा करून घ्यायला सुरुवात केली. निळ्या, पिवळ्या, काळ्या, आतून आरशासारख्या चमकणाऱ्या.

२०१७ साली फ्रान्समधल्या सेत या बंदराच्या गावी त्यांनी हजारो काळ्या विटांची एक लाट उभी केली. माणूस समोर गेला की ती अंगावर येते की काय, असं वाटावं. मग २०२१ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या पती पाले या संग्रहालयात प्रदर्शन भरलं, तेव्हा दाराच्या भल्याथोरल्या पायऱ्यांवरून निळ्या विटांची नदीच खाली सोडली होती.

याला मराठीत मांडणशिल्प म्हणतात. शब्द जड वाटला तर आपल्या महालक्ष्म्यांची आरास आठवा. मुखवटे वेगळे, साड्या वेगळ्या, फराळाची ताटं, धान्याच्या राशी, दिव्यांच्या माळा. सुटी वस्तू कुठलीच नवी नसते, पण सगळं मिळून खोलीचा तो कोपरा वेगळाच होतो. आपण त्याच्यापुढं उभं राहतो आणि तीन दिवसांनी सगळं उचलून ठेवतो. मांडणशिल्पाचंही बरंचसं असंच. भिंतीवर टांगलेलं चित्र लांबून बघता येतं, इथं मात्र बघणारीच त्या मांडणीत जाऊन उभी राहते.

आता ती वीट होते कशी ते ऐका, कारण खरी गंमत तिथं आहे. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत टाकून चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. गुऱ्हाळावर काकवी दाट होताना बघितली असेल ना, तसा तो लालभडक रस दिसतो. निळा रंग हवा तर कोबाल्टचं क्षार चिमूटभर पुरतं, हिरव्याला क्रोमियम किंवा लोखंड. कारागीर पोकळ लोखंडी नळीचं टोक त्या रसात फिरवून गोळा उचलतो. नळी सतत फिरती ठेवावी लागते, थांबली की गोळा एका बाजूला ओघळतो. मग दुसऱ्या टोकानं फुंकर. फुगा हवा तेवढा झाला की तो साच्यात धरून पुन्हा फुंकायचा, म्हणजे काच साच्याच्या भिंतींना जाऊन भिडते आणि चौकोनी होते.

एवढ्यानं काम संपत नाही. तापलेली काच तशीच उघड्यावर ठेवली तर बाहेरून लवकर आणि आतून उशिरा निवते, त्या ओढाताणीत तडकते. म्हणून तिला दुसऱ्या, मंद होत जाणाऱ्या भट्टीत तासन्‌तास निवू द्यावं लागतं. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती ताड्‌कन फुटायची, हे आपल्यातल्या थोरल्या बायांना आठवत असेल. कारण तेच.

कंदिलाचा विषय निघालाच आहे तर सांगते, काच फुंकायचा धंदा आपल्या मुलखालाही नवा नाही. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली निघाला. माणशी एक पैसा वर्गणी गोळा करून स्वदेशी उद्योग उभा करायचा, ही त्यामागची अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, आणि तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. पुढं कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंचा कारखाना झाला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. आणि फारच मागं जायचं तर आपल्या शेजारचं तेर आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनांच्या काळातले मणी ठेवलेत, त्यांत काचेचेही आहेत. लातूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

बांगडी मात्र फुंकत नाहीत. वितळलेल्या काचेची तार फिरत्या दांड्यावर गुंडाळत नेतात, तिची स्प्रिंगसारखी लांब गुंडाळी होते. ती उभी कापली की एकेक कडं सुटं होतं, पण तोंड उघडं राहिलेलं. त्याची टोकं एका पातळीत आणायची, याला तिकडं सधाई म्हणतात, आणि बारीक ज्योतीवर ती जोडायची, ती जुडाई. भट्टीवर पुरुष असतात. सधाई-जुडाई घरोघर चालते आणि तिथं बसलेल्या बहुतेक बायाच. मजुरी नगावर. ज्योत हलू नये म्हणून पंखा लावता येत नाही, उन्हाळ्यातसुद्धा. ताजमहाल धुरानं काळवंडू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली त्या भागातल्या कारखान्यांना दगडी कोळसा सोडून गॅसवर यायला लावलं. ताजमहालाला धूर लागतो हे कोर्टापर्यंत पोचलं. घरातल्या ज्योतीपुढं तासन्‌तास वाकून बसलेल्या बाईच्या डोळ्यांचं गाऱ्हाणं तेवढ्या लांब जात नाही.

अशा कलेत पाटीवर नाव कलाकाराचं लागतं. मला त्यात सरसकट खोट दिसत नाही. विटांच्या ढिगात आस दिसली ती त्यांना, आणि बांगड्या, झुंबरं, बाटल्या यापलीकडचं काम फिरोजाबादला त्यांच्यामुळं मिळालं. शिवाय कारखानदार ज्याला खोट म्हणून बाजूला काढेल ते काचेतले बुडबुडे आणि रेघा ते राहू देतात, कारण हातानं केल्याची खूण तीच. पण फुंकर ज्याच्या छातीतून आली तो निनावीच राहतो, हेही खरं. आपल्या गोधड्यांचं तरी वेगळं काय? शहरातल्या प्रदर्शनात लागते तेव्हा "मराठवाड्याची गोधडी" असते, अमक्या बाईची नसते.

बांगडीतूनच विटा करणाऱ्या एक कलाकार बाई आहेत, भारती खेर. जन्म लंडनचा, १९६९ चा, पुढं दिल्लीत राहून काम केलं. त्यांनी टनावारी काचेच्या बांगड्या वितळवून त्यांच्या विटा पाडल्या आणि त्या विटांची एक खोली बांधली. तिच्या नावाचा अर्थ बहिरी खोली. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर त्यांच्या मनात जे दाटलं त्यातून ती आली आणि २०१२ च्या सुमारास पूर्ण झाली. बांगडीचा गुण काय, तर किणकिण. बाई घरात वावरतेय हे बघावं लागत नाही, ऐकू येतं. तोच आवाज वितळून मुक्या, काळपट भिंती झाल्या. दंगलीत ज्या बायांचा आवाज गेला त्यांच्याबद्दल याहून वेगळं भाषण करायची गरज त्या खोलीला पडत नाही.

आपण तर बांगडी फुटली असं म्हणतसुद्धा नाही, वाढवली म्हणतो. इतका जीव त्या शब्दाला. आणि नवरा गेला की मात्र चारचौघींत हात आपटून त्याच बांगड्या फोडायच्या. शेतकरी आत्महत्यांच्या या मुलखात हे किती तरुण हातांनी सोसलंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की गावात विधवा प्रथा पाळायची नाही. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असं करायला सांगितलं. तुमच्या गावानं तसा ठराव केलाय का, हे ग्रामपंचायतीत विचारता येतं. नसेल केला तर येत्या ग्रामसभेत हा विषय मांडता येतो, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा असते, तिथं तो आधी घेतला तर सोपं जातं.