डिप्परची करामत : रात्रीच्या रानवाटेवरचा हेडलाइट

सोलापूर जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झाला की रात्रीचे रस्ते ट्रॅक्टरांचे होतात. माढा, माळशिरस, पंढरपूर, करमाळा या तालुक्यांतल्या फडांतून निघालेला ऊस दोन-दोन ट्रॉल्यांवर चढतो आणि काळ्या रानातली गाडीवाट, कालव्याकडेचा मुरूम, मग डांबरी सडक असा प्रवास करत कारखान्याच्या गव्हाणीत पडतो. त्याच सुमारास कोणी मोटारसायकलवर रानात निघालेला असतो, कारण शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रपाळीची असते. फुगीर चाकांची एटीव्ही ही गाडी इकडे क्वचितच दिसते. पण पोलारिस कंपनीच्या एटीव्हीला भारतात रस्त्यावर येण्याची मान्यता मिळाली तीही शेती ट्रॅक्टर म्हणूनच. तेव्हा रानवाटेवर रात्री चालणाऱ्या वाहनाचा हेडलाइट कसा सुधारावा, या प्रश्नाचे खरे घर इथेच आहे.

या प्रश्नावर बाजारात मिळणारे उत्तर एकच : जास्त वॅट, जास्त लखलखाट, बॉनेटवर एलईडीची पट्टी. चांगल्या हेडलाइटचे नवल मात्र उजेडाइतकेच त्याने राखलेल्या अंधारात आहे.

हे नवल पाहायचे तर एच४ जातीचा साधा हॅलोजन बल्ब हातात घ्यावा. अर्थात काचेला बोट न लावता, कारण बोटाचा तेलकटपणा तापलेल्या क्वार्ट्झ काचेला मारक ठरतो. आत दोन फिलामेंट दिसतात. बल्ब दिव्यात बसला की एक मागच्या आरशाच्या नाभीवर येते, तो अप्पर. अन्वस्ताकार आरशाच्या नाभीतून निघालेले किरण आरशावर आपटून समांतर पुढे जातात, म्हणून अप्परचा झोत लांब पोहोचतो. दुसरे फिलामेंट नाभीच्या थोडे पुढे असते, तो डिप्पर. त्याच्या खाली चमच्याच्या टोकाएवढी धातूची वाटी बसवलेली असते. ही वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते. उरलेला उजेड आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. समोरच्याचे डोळे वाचतात ते या वाटीमुळे. झोताच्या वरच्या कडेला जी ठळक रेघ दिसते तीही तिचीच करणी. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून मोटारीच्या डिप्परची ही रेघ डाव्या अंगाला किंचित वर चढवलेली असते. त्यामुळे कडेने चालणारा माणूस आधी दिसतो.

इथवर यायला बराच काळ लागला. सुरुवातीच्या मोटारींवर कार्बाइडचे दिवे असत; कार्बाइडच्या खड्यांवर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू निघे आणि तो जळे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले. १९२४ मध्ये ऑसरामने एकाच बल्बात दोन फिलामेंट बसवली आणि अप्पर-डिप्परची सोय झाली. हॅलोजन १९६२ मध्ये युरोपात आले, एच४ बल्ब १९७१ मध्ये. पांढऱ्या एलईडीचे मूळ असलेल्या निळ्या एलईडीबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले.

एलईडीची ताकद वादातीत आहे. एच४ चा ६० वॅटचा अप्पर सुमारे १६५० ल्युमेन उजेड देतो, म्हणजे वॅटमागे सत्तावीस-अठ्ठावीस. एलईडी वॅटमागे शंभराच्या पुढे सहज जातो. पण जुन्या हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब खोचला की घोटाळा होतो. आरसा बारीक फिलामेंटच्या जागेशी मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवलेला असतो. एलईडीचा पत्रा त्या जागी, त्या आकाराचा नसेल तर उजेड वाट्टेल तिकडे फाकतो. चालकाला जवळचा रस्ता लख्ख दिसतो आणि गाडी सुधारली असे वाटते. दूरचे मात्र पूर्वीइतकेही दिसत नाही आणि समोरचा आंधळा होतो. एलईडीच हवा असेल तर त्यासाठीच घडवलेला आख्खा दिवा, आरशा-भिंगासकट बसवावा.

जवळचा लखलखाट आणखी एका कारणाने फसवा असतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौपट विरळ होतो, आणि जवळची जमीन जितकी उजळ तितकी डोळ्याची बाहुली आकसते. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास घेतो. ती कमाई एका झोताने जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला १६ मीटरहून जास्त पुढे जाते. तीन सेकंद दिपलेला चालक ५० मीटर न बघता गेलेला असतो.

मग करायचे काय? पहिला खर्च वायरीवर करावा. फिलामेंटच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. होल्डरपर्यंत पोहोचताना दहा टक्के व्होल्टेज गळाले तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. बारीक वायर, गंजलेला अर्थ, जळका होल्डर आणि स्विचमधून फिरणारा प्रवाह ही त्या गळतीची ठिकाणे. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले, आणि चकचकीत घासलेला अर्थ एवढ्यावर जुना बल्ब नव्यासारखा होतो. शंभर वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर आठ अँपिअरहून जास्त ओढतो. मूळची वायरिंग त्यासाठी नसते, आणि लहान इंजिनाच्या गाडीत चार्जिंगही तेवढे नसते.

दुसरे काम फुकटचे : फोकस लावणे. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी आणि डिप्परची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली येईल असे स्क्रू फिरवावेत. मीटरभर उंचीचा दिवा या उतारावर १०० मीटरवर जमिनीला टेकतो. ट्रॉली जोडून, भार भरून तपासणे महत्त्वाचे, कारण मागे वजन पडले की नाक वर उचलते. एका अंशाचा फरक ५० मीटरवर ८७ सेंटिमीटर होतो. रस्त्यावर ठेवलेली रेघ तेवढ्याने समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

धूळ, धुके, पेटवलेल्या पाचटाचा धूर यांत जादा उजेड उलट आपल्याच तोंडावर परततो. म्हणून अशा वेळी अप्पर बंद करावा. जादा दिवा डोळ्यांपासून जितका दूर आणि खाली, तितका कामाचा.

कायद्याची चौकट मोटार वाहन कायदा, १९८८ ची आहे : निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत कलम ५२ मनमानी बदल करू देत नाही, आणि परवानगीशिवाय समोर सर्चलाइट लावायलाही नियमांत मनाई आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या माळरानावर या मनाईला आणखी एक अर्थ येतो. काळवीट किंवा लांडगा झोतात सापडला की दिपून जागच्या जागी थबकतो. रात्री दिवा मारून शिकार करणे हा गुन्हा आहेच, पण हौसेने माळावर झोत फिरवण्यानेही जनावर बिथरते.

हंगामात परिवहन खाते ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेते, तेव्हा कित्येकांना ती नुसती औपचारिकता वाटते. वास्तविक रिफ्लेक्टर हा हेडलाइटचा दुसरा अर्धा भाग आहे. तो आलेला उजेड आल्या दिशेनेच परत पाठवतो. त्याला ना वायर, ना बॅटरी. बंद पडून कडेला उभी राहिलेली, उसाच्या मोळ्यांनी मागचा दिवा झाकलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला वेळेत दाखवेल असा बल्ब अजून निघालेला नाही. लाल रिफ्लेक्टर मात्र साध्या डिप्परच्या उजेडातही दुरून चमकतो. म्हणून दिव्यासाठी काढलेल्या पैशांतले पहिले काही रुपये ट्रॉलीच्या पाठीवर खर्चावेत, मग वायरीवर, आणि नव्या बल्बचा विचार सगळ्यात शेवटी.