गाजरगवत : ओळख व बंदोबस्त

कोल्हापूर भागांत पाऊस सुरू होऊन पंधरवडा लोटला, कीं पाणंदींच्या कडा, उंसाचे बांध व गायरानें गाजरगवतानें हिरवीं होतात. दर सालीं भांगलणीस पैसा खर्चूनहि हें तण हटत नाहीं, अशी तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों. तिचें मूळ आमच्या मतें या तणाच्या बियांत आहे.

हें तण मूळचें अमेरिका खंडांतील. आपल्याकडे त्याची प्रथम नोंद १९५५ सालीं पुण्यास झाली. त्यास गवत म्हणतात, परंतु तें सूर्यफुलाच्या कुळांतील रुंद पानांचें झुडूप आहे. कोवळेपणीं त्याचीं गाजरासारखीं कातरलेलीं, लवदार पानें जमिनीसरसीं चक्राकार पसरतात. पुढें मधून सरळ दांडा निघून तीन-चार फूट वाढतो व बारीक पांढरीं फुलें येतात. उगवणीपासून महिना-दीड महिन्यांत फुलोरा येतो. एकेका बारीक फुलांत बहुधा ५ बिया असतात. मोठ्या झाडास त्या हजारोंनीं धरतात आणि वारा, पाटाचें पाणी व शेणखत यांबरोबर शेतांत येतात.

सबब फुलापूर्वीं, जमीन ओली असतां, तें मुळासकट उपटावें. विळ्यानें कापल्यास बुडख्यापासून पुन्हां फुटतें. न फुललेलें तण खतखड्ड्यांत कुजवावें. फुललेलें उकिरड्यावर कदापि टाकूं नये, वाळवून जाळावें.

याच्या स्पर्शानें अंगास खाज सुटून पुरळ उठतें. परागानें कित्येकांस दमा जडतो. चाऱ्यांतून जनावरांच्या पोटांत गेल्यास दुधास कडवटपणा येतो. भांगलणाऱ्या बायांस हातमोजे देणें हें मालकाचें कर्तव्यच होय.

गायरानांत पावसापूर्वीं टाकळ्याचें बीं फेंकावें. तो दाट माजून यास दाबतो. १९८३ सालीं मेक्सिकोंतून भारतांत आणलेले पट्टेदार भुंगेरे पावसाळ्यांत याचीं पानें फस्त करितात. ते दिसतील तेथें औषध फवारूं नये. टू-फोर-डी हें औषध रुंद पानांचीं तणें मारतें व उंसास सहसा इजा करीत नाहीं. तथापि वाऱ्यानें शेजारच्या सोयाबीनवर वा भाजीपाल्यावर गेल्यास तीं पिकें बिघडतात.

एकट्यानें आपलें रान स्वच्छ करून भागत नाहीं. पाणंद व गायरान आपलें नव्हे म्हणून सोडल्यास तेथील बीं पुढील सालीं आपल्याच शेतांत उगवतें. यासाठीं आषाढ संपण्यापूर्वीं सर्व बांधकऱ्यांनीं एक दिवस ठरवून हें काम एकजुटीनें करावें, अशी आमची विनंती आहे.