एक जाड की आठ पातळ?

अकोला-अमरावती रस्त्यावर कापसाच्या हंगामात मालमोटारींची रीघ लागते. एखादी गाडी धाब्यापाशी उभी असेल तर मागच्या चाकाच्या आतल्या बाजूस पाहा. पोलादाच्या पट्ट्यांची एक चळत धनुष्यासारखी वाकवून आसाला बांधलेली दिसेल. सर्वांत लांब पट्टी एका टोकाला, मग तिच्याहून आखूड, मग आणखी आखूड. यालाच मिस्त्री लोक 'पाटा' म्हणतात. गाडीचा आणि मालाचा भार चाकांवर पोचतो तो या पाट्यांमधूनच.

आता प्रश्न असा, की एवढ्या पट्ट्या कशाला? तेवढ्याच जाडीची एकच भक्कम पट्टी का बसवीत नाहीत?

वहीचा प्रयोग

दोनशे पानी वही दोन्ही हातांनी वाकवा. ती सहज वाकते. वाकलेल्या वहीची कड पाहा; पाने एकमेकांवरून घसरून ती तिरपी झालेली असते. आता वहीच्या सर्व कडांना घट्ट चिमटे लावा आणि पुन्हा वाकवून पाहा. तीच वही, तेवढाच कागद, पण ती आता हट्टाने विरोध करते. पानांना घसरता येईनासे झाले, म्हणून सगळी वही एका जाड फळीसारखी वागू लागली.

पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १ सेंटिमीटर जाडीच्या एका पाट्याचा ताठपणा १ मानला, तर तशा ८ सुट्या पाट्यांचा मिळून ८ होईल. पण ८ सेंटिमीटर जाडीच्या एकाच पाट्याचा होईल ८ × ८ × ८, म्हणजे ५१२! तो चळतीपेक्षा ६४ पट ताठ. त्याची ताकद मात्र आठच पट अधिक असते, कारण ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जाड पाटा भार पुष्कळ पेलेल, परंतु वाकणार जवळजवळ नाही. खड्ड्याचा प्रत्येक दणका तो सरळ वर पाठवील. पातळ पाटे न तुटता त्याच्या आठपट वाकू शकतात. शिवाय ते एकमेकांवर घासतात. या घर्षणात हेलकाव्यांची थोडी ऊर्जा खर्च होते आणि गाडी लवकर शांत होते.

खालचे पाटे आखूड का, याचेही उत्तर सोपे आहे. वाकवणारा जोर मध्यभागी सर्वांत जास्त आणि टोकांशी शून्य असतो. म्हणून पोलादही मध्यावरच जास्त रचलेले असते.

पाटा बसवताना

पाटे केवळ मालमोटारींनाच असतात असे नाही. पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असलेली प्रीमियर पद्मिनी, २०१४ पर्यंत निघत असलेली अँबॅसडर आणि १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एम. जी. बी. ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटार, या सर्वांच्या मागच्या आसाला पाटेच आहेत. जुन्या गाड्या जपणारे हौशी लोक आजही ते बदलून बसवतात. ही रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्या प्रत्येक पायरीमागे विज्ञान आहे.

पाट्याचे पुढचे टोक सांगाड्याला पिनेने जोडतात, मागचे मात्र 'शॅकल' नावाच्या झुलत्या दुव्याला. कागदाच्या पट्टीची कमान टेबलावर ठेवून वरून दाबा. टोके दूर सरकतील. पाटाही भाराखाली असाच लांबतो. शॅकल नसेल तर त्याला लांबायला जागाच उरणार नाही.

पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. त्याचे डोके आसावरील भोकात नेमके बसले, तरच चाक आपल्या जागी राहते. मग यू-बोल्ट आळीपाळीने, सारख्या जोराने आवळतात. ते सैल राहिले तर पाटा मध्यावरच हलू लागतो आणि सेंटर बोल्टच्या भोकापाशी, म्हणजे जिथे पोलाद आधीच कमी आहे तिथे, तुटतो. म्हणून थोडी धाव झाल्यावर ते पुन्हा तपासावे लागतात.

मोटारीच्या पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळत नाहीत. गाडी चाकांवर उतरवून पाटा भाराखाली आला, की शेवटचा आवळा देतात. अधांतरी आवळले तर गाडी उतरताच रबराला पीळ बसतो. तो कायम राहतो आणि रबर लवकर फाटते.

वऱ्हाडातला रस्ता

वऱ्हाडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचे रस्ते त्यामुळे लवकर वरखाली होतात. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा सलग थर टाकण्याचा जागतिक विक्रम झाला. पण महामार्गावरून शेताकडे वळले, की पाट्यांची परीक्षा सुरू होते.

ही परीक्षा माणसेही कठीण करतात. जास्त माल भरता यावा म्हणून कोणी जादा पाटे चढवतात. त्यामुळे गाडी बसल्यासारखी दिसत नाही, एवढेच! ब्रेक, टायर आणि आस जुन्याच शक्तीचे राहतात. कोणी तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडतात. पाट्याच्या पोलादाला तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा बेताने तापवून लवचीक केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने जोडापाशी हे 'पाणी' उतरते आणि पाटा तिथेच दगा देतो. आणि पाटा आसाला जागेवर धरूनही ठेवत असल्याने, मुख्य पाटा तुटला तर आस तिरका होऊन भरधाव गाडी एका बाजूला ओढली जाते.

गावच्या स्थानकात मालमोटार किंवा पाट्यांची एसटी उभी असेल तेव्हा एका बाजूचे पाटे मोजा. रिकाम्या गाडीची कमान आणि भरलेल्या गाडीची कमान, यांत किती फरक पडतो तो दुरूनच पाहून वहीत चित्र काढा. शॅकल कोणत्या बाजूला झुकला, हेही टिपा. कमान उतरली की तो कुठे जायला हवा, हे आता तुम्हांला आधीच सांगता येईल.