साबणाची दाढ कोरून बघ, मग फॉर्म भर!

मेडिकल हुकलं म्हणून डेंटल? आरे-वारेत सुट्टीला आलेली एक डेंटल स्टुडंट ज्युनिअर्सना सगळ्यात आधी हेच विचारते...

आरे-वारे म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गणपतीपुळ्याला जाताना चढावरच्या वळणावर थांबवलेली गाडी, खाली पसरलेला समुद्र, सुरूचं बन आणि मस्त फोटो! तिथल्या बारावी पास पोरांच्या डोक्यात मात्र 'नीट'चा रिझल्ट लागला की वेगळीच भरती-ओहोटी सुरू असते.

माझी मावसबहीण मुंबईत बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती घरी आली की आजूबाजूची मुलं मार्कशीट घेऊन पडवीत हजर! क्लास नाही, फी नाही. चहा आणि सडेतोड बोलणं, बस्स.

एमबीबीएस आणि बीडीएस दोन्हींचा दरवाजा एकच, 720 मार्कांची 'नीट'. त्यामुळे पहिला चुकला की दुसऱ्यात शिरायचं, असा हिशेब होतो. पण चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, एवढा काळ 'चुकून आलो' म्हणत काढणार कसा?

म्हणून ताईची भन्नाट आयडिया. बीडीएसच्या पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीच्या जोडीला मेणातून दात कोरावे लागतात. ती मुलांच्या हातात अंघोळीचा साबण आणि दाढेचं चित्र देते. कोर! दाढ सुबक झाली का, हे ती बघतच नाही. हात सरावाने बसतो. कंटाळा येतो का, एवढंच ती बघते.

यंदा एका मुलीने दुसरी वडी मागून घेतली. एका मुलाने मात्र पंधरा मिनिटांत साबण बाजूला ठेवला आणि हळूच सांगितलं, मला रिपीट करायचंय. शेजारी बसलेले वडील गप्प! वर्ष वाया नको म्हणून खासगी कॉलेजसाठी ते कर्ज काढायला निघाले होते.

"काका, फीवर थांबू नका. होस्टेल, मेस, इन्स्ट्रुमेंट्स, सगळं मांडा," ताई म्हणाली. मग मुलाकडे वळून तिने रिपीटचीही दुसरी बाजू सांगितली. 2024 मध्ये पेपरफुटी गाजली, 1,563 जणांचे ग्रेस मार्क रद्द झाले. सगळंच आपल्या हातात नसतं. शेवटी काकांनी कर्जाचे कागद घडी करून खिशात घातले. निर्णय मुलाचा, रिपीट!

ताईच्या टिप्स
- जिथे खरंच जाणार, तीच कॉलेजं प्रेफरन्समध्ये टाका. खेडला खासगी कॉलेज आहे. सरकारीसाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरकडे बघा.
- राज्याच्या 85 टक्के जागा सीईटी सेल भरतं, ऑल इंडियाच्या 15 टक्के एमसीसी. दोन्हीकडे नोंदणी वेगळी.
- डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, कास्ट व्हॅलिडिटी रिझल्टआधीच तयार ठेवा.
- राउंडचे नियम बदलतात. दरवर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा.
- कुठल्याही एजंटला पैसे देऊ नका.

आणि तुम्ही? वीकेंडला गावी जाताय ना? तुमच्या फील्डमध्ये यायला निघालेलं एखादं पोर तिथे नक्की असेल. पगाराचा आकडा सांगून झाला की रोजचं काम कसं असतं, तेही सांगा की!