तंबूतली थंडी आणि शेगडीचा मोह

डिसेंबर उजाडला की भंडारदरा, पवना, राजमाची, कळसूबाईचा पायथा अशा ठिकाणी रंगीबेरंगी तंबूंच्या रांगा लागतात. संध्याकाळी शेकोटी, गाणी, गरमागरम जेवण, सगळे छान असते. खरी परीक्षा मध्यरात्रीनंतर सुरू होते. पाठ गार पडते, छतावरून तोंडावर थेंब पडतात, मोबाइल बंद होतो आणि अंथरुणात नुकती ऊब आलेली असताना लघवीला उठावे लागते. या तक्रारी तशा किरकोळच. पण त्यांना कंटाळूनच पहाटे कोणीतरी म्हणते, ‘ती शेगडी जरा आत घ्या रे!’ आणि तिथून जिवाशी खेळ सुरू होतो. म्हणून हे त्रास का होतात आणि शेगडीशिवाय ते कसे कमी करायचे, हे निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

पाठ का गारठते?

अंगावर दोन ब्लँकेट घेऊनही थंडी वाजते, कारण ती खालून येत असते. पांघरुणातली खरी ऊब त्यात अडकलेल्या हवेची असते. अंगाखालचा भाग वजनाने दबला की ती हवा निघून जाते आणि शरीराची उष्णता थेट गार जमिनीत जाऊ लागते. त्यामुळे जास्तीचे पांघरूण अंगावर घेण्याऐवजी खाली अंथरावे. फोमची चटई, तिच्यावर घडी घातलेली घोंगडी किंवा गोधडी असे थर उपयोगी पडतात.

तंबूची जागाही महत्त्वाची. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगतची गार हवा जड असल्याने उतारावरून खाली वाहते आणि खोलगट भागात साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा गावात मात्र तेवढी थंडी नसते, त्यामागे हेही कारण आहे. पाण्याच्या अगदी काठाला तंबू लावण्यापेक्षा थोड्या उंचावर, झाडोऱ्याच्या आडोशाला लावला, तर रात्र सुसह्य होते.

दिवसभर चालून घामेजलेले कपडे झोपताना बदलायलाच हवेत. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओला सुती बनियन अंगावर ठेवून कितीही पांघरले, तरी हुडहुडी भरणारच.

छतावरून थेंब

बाहेर पाऊस नाही, तरी तंबू आतून ओला कसा? ते पाणी आपल्याच श्वासातले असते. मोकळ्या आकाशाखाली तंबूचे कापड हवेपेक्षाही गार होते आणि श्वासातली वाफ त्यावर दवासारखी जमते. गारवा नको म्हणून सगळ्या चेन घट्ट लावल्या, की ओल वाढते आणि पांघरूण दमट होते. तंबूची वरची जाळी आणि दाराची चेन थोडी उघडी ठेवावी. तोंड पांघरुणात खुपसून झोपू नये. कानटोपी घालावी आणि नाक-तोंड मोकळे ठेवावे.

रात्री सारखी लघवी का होते?

थंडीत शरीर हातापायांकडच्या आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे शरीराच्या मध्यभागी रक्त वाढते आणि ते जास्तीचे पाणी समजून मूत्रपिंडे बाहेर टाकू लागतात. हा आजार नव्हे. मात्र रात्री उठावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच न पिणे चुकीचे. पाणी दिवसा भरपूर प्यावे, झोपण्याआधीच्या तासा-दोन तासांत कमी करावे आणि लघवी लागल्यावर ती रोखून न धरता उठावे. बॅटरी आणि चपला हाताशी ठेवाव्यात.

‘थंडीवर उतारा’ म्हणून घेतलेले मद्य उलट काम करते. त्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडते. त्यापेक्षा झोपण्यापूर्वी शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की खावी. अन्न पचताना शरीरात उष्णता तयार होते.

मोबाइलचेही थंडीशी जमत नाही. गारठ्यात बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि ती लवकर संपल्यासारखी वाटते. रात्री फोन पांघरुणात, अंगाजवळ ठेवावा. अडचणीच्या वेळी तोच लागणार आहे. कॅम्पिंगच्या छोट्या डब्यातला गॅसही गारठ्यात मंद जळतो, कारण आतल्या द्रवाची वाफ होणे कमी होते. ज्योत वाढवायला डबा विस्तवाजवळ नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

शेगडी आत नकोच

कोळसा बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर थांबला आणि निखारे लाल झाले की शेगडी ‘सुरक्षित’ झाली, असा समज आहे. तो घातक आहे. निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच असतो. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे त्याला धरून ठेवते. परिणामी श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही.

सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते, गुंगी येते. ‘दमलो असू’ किंवा ‘जेवण बाधले असेल’ असे वाटते. झोपेत तर तेही कळत नाही. चेन थोडी उघडी ठेवली म्हणून धोका टळत नाही. गॅसची शेगडी आणि आत ठेवलेली गरम राख यांनाही हाच नियम लागू. गर्भवती, लहान मुले आणि हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक.

एकाच तंबूतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर शंका घ्यावी. सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटले तरी दवाखान्यात जावे, कारण साध्या हवेत हा वायू रक्तातून उतरायला कित्येक तास लागतात; ऑक्सिजन दिल्यावर ते लवकर होते.

ऊब हवीच असेल, तर पाण्याची गरम पिशवी कापडात गुंडाळून पायाशी घ्यावी. शेकोटी तंबूपासून लांब असावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून पूर्ण विझवावी. तंबूचे आरक्षण करतानाच चटया आणि जादा पांघरुणे मिळतील का, हे विचारून घ्यावे. खाली पुरेसे अंथरूण असेल, तर शेगडी आत आणायचा विचारही कोणाच्या मनात येणार नाही.