खाजेच्या गोळ्यांची साठ वर्षं

बदलापूर मागे टाकून कर्जतच्या दिशेने निघालं की वांगणीच्या आधी चामटोली लागते. अंबरनाथ तालुक्यातला हा मुळात भातशेतीचा पट्टा. आता बांधाला लागून इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि सकाळी गुरांच्या बरोबरीने पट्टा लावलेले लॅब्राडॉरही रस्त्यावर दिसतात. इथल्या घरातला औषधांचा डबा उघडला तर सेट्रिझिनची पट्टी सापडतेच. बऱ्याचदा मॉन्टेलुकास्टची जोडगोळी असते, नाकात मारायचा फवारा असतो, एखादा दम्याचा निळा पंप असतो. घरात कुत्रा असेल तर गोचिडांवरची चघळायची गोळीही त्याच डब्यात. साठ वर्षांपूर्वी यातलं काहीही नव्हतं. शिंका, गांधी, दमा आणि खाज मात्र होती, माणसांना आणि जनावरांनाही. या साठ वर्षांत औषधं कशी आली, त्यांनी काय साधलं आणि काय बिघडवलं, याचा हा मागोवा.

गोळ्यांच्या आधीचा काळ उपायांविना नव्हता. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी अंगाला लावायचं, हा कोकणपट्टीतल्या घराघरांतला पहिला उपाय. त्याने गारवा मिळे आणि बहुतेक पित्त काही तासांत आपोआपही बसे, त्यामुळे श्रेय आमसुलाला जाई. बिबा उतला की खोबरं किंवा तीळ वाटून लावत. बिब्याच्या तेलाने कातडी सुजते, फोड येतात, पाणी सुटतं. तीच खरी ॲलर्जी. धोबी कपड्यांवर बिब्याची खूण करत, त्या खुणेने मानेवर किंवा कमरेवर चट्टा उठलेले रुग्ण त्वचारोगाच्या पुस्तकांत नोंदले गेले आहेत. आंबा आणि काजू बिब्याच्याच कुळातले. म्हणून आंब्याच्या चिकाने ओठ उतलेलं पोर दर मे महिन्यात एखाद्या घरी असेच. त्या काळच्या लोकांना औषध ठाऊक नव्हतं, पण कशाने झालं हे ठाऊक होतं. बिबा कोणाला उततो हे गावात माहीत असे आणि त्या माणसाच्या हाती बिबा दिला जात नसे.

जनावरांच्या वाट्याला यातलं निम्मंही शहाणपण आलं नाही. कुत्रं खाजवायला लागलं, केस झडले, की ‘लूत लागली’ एवढंच निदान. मग गाडीचं जळकं ऑइल फासायचं. लूत ही कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्यांची असते, पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी वेगळी आणि धुळीची वेगळी. तिन्हींवर एकच काळं ऑइल. कुत्रं ते चाटून आजारी पडे. बैल आणि म्हशींना करंजाचं तेल तरी मिळे, कारण त्यांच्यावर शेती उभी होती.

पन्नासच्या दशकात एक नवा पाहुणा आला. गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, महाराष्ट्रात पहिल्यांदा पुण्यात नजरेस पडलं आणि पुढच्या काही वर्षांत रेल्वेमार्ग, ओसाड प्लॉट आणि बांध गिळत सगळीकडे पसरलं. साठच्या दशकात पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एकाच प्रकारचे रुग्ण येऊ लागले. बहुतेक शेतावर राबणारे, चेहरा, मान आणि हात जाड, काळपट, खाजरे झालेले. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीसारख्या पसरलेल्या त्वचारोगाचा संबंध गाजरगवताशी जोडून तो वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. त्या गवतातलं पार्थेनिन हे द्रव्य त्याला कारण. सत्तरच्या दशकात भारतातल्याच प्रयोगांत हे गवत खाल्लेल्या म्हशीच्या रेडकांच्या अंगावरही व्रण उठले, काही दगावले. एकच वनस्पती, आणि तिच्यापुढे धनी आणि जनावर दोघेही हतबल. १९८४ मध्ये गवत खाणारा मेक्सिकन भुंगेरा बंगळुरूला सोडण्यात आला. भुंगेरा पसरला, पण गवत संपलं नाही. बदलापूर-वांगणी पट्ट्यात रिकामा पडलेला एकही प्लॉट त्याने सोडलेला नाही.

ॲलर्जीच्या शास्त्रात जनावरं सुरुवातीपासूनच आहेत. १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचलं. पहिल्या वेळी निभावलेला नेपच्यून नावाचा कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या किरकोळ मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मेला. शरीर दुसऱ्या वेळी अधिक भडकतं, हा शोध त्यातून लागला आणि रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के घटसर्पाच्या मुलांना दिलेल्या घोड्याच्या रक्तजलाने येणारा ताप आणि पुरळ अभ्यासत होते. १९०६ साली त्यांनीच ‘ॲलर्जी’ हे नाव दिलं. तोच घोडा आपल्याकडे हाफकिन संस्थेच्या सर्पदंशावरच्या लशीतून आला. आजही ग्रामीण रुग्णालयात ती लस चढवताना ॲड्रिनलिन भरून शेजारी ठेवतात, कारण घोड्याचं प्रथिन काही रुग्णांना सोसत नाही. भातकापणीच्या दिवसांत साप चावलेला माणूस दोन संकटांतून जातो. एक सापाचं, दुसरं उपायाचं. दुसऱ्यातून वाचवणारं औषध ॲड्रिनलिनच, ॲलर्जीवरचं नेहमीचं एव्हिल नव्हे. हा फरक अजूनही पुष्कळांना माहीत नाही.

एव्हिलचा काळ मात्र मोठा. हिस्टामिनला रोखणारी पहिली द्रव्यं १९३७ मध्ये दानिएल बोव्हे यांच्या प्रयोगशाळेत सापडली. त्यांना १९५७ मध्ये नोबेल मिळालं. चाळीसच्या दशकात त्यांची औषधं झाली आणि पुढे मध्य रेल्वेच्या बदलापूरच्याच मार्गावर, मुलुंडला कारखाना असलेल्या होक्स्टची एव्हिल भारतभर घरोघरी पोहोचली. सर्दी, गांधी, गांधीलमाशीचा डंख, बिबा, कशावरही एव्हिल. जनावरांच्या डॉक्टरच्या पेटीतही तेच इंजेक्शन. गाईच्या तोंडाला सूज आली की तिलाही तेच टोचत. माणूस आणि गुरं एका औषधावर आली ती इथे.

एव्हिलने खाज थांबे आणि झोप येई. घरी पडून राहणाऱ्याला ती झोप गोड. पण अंबरनाथच्या कारखान्यांत आणि उल्हासनगरच्या शिलाई यंत्रांवर बोटं वाचवत काम करणाऱ्याला, किंवा पहाटेच्या लोकलच्या दारात लटकणाऱ्याला ती परवडणारी नव्हती. म्हणून १९८७ मध्ये बाजारात आलेली सेट्रिझिन जेव्हा आपल्या गल्लीतल्या केमिस्टकडे पोहोचली तेव्हा तिला ‘बिनझोपेची’ म्हणून डोक्यावर घेतलं. ती पूर्ण बिनझोपेची नाही, काहींना तिनेही गुंगी येते. लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन तिच्याहून कमी गुंगी आणतात. पण दिवसाला एक गोळी आणि काही रुपयांत काम, या सोयीने सेट्रिझिन जिंकली.

याच सोयीने एक वाईट वाटही रुंद केली. स्टेरॉइड. १९४८-४९ मध्ये कॉर्टिसोनने अंथरुणाला खिळलेल्या संधिवाताच्या रुग्णांना चालतं केलं, तेव्हा तो चमत्कार होता. दम्याच्या झटक्यात, जीवघेण्या सुजेत आजही त्याला पर्याय नाही. पण गावोगावच्या कागदी पुड्यांत ती बारीक गोळी नावाशिवाय शिरली. ‘पॉवरवाली गोळी’ एवढीच तिची ओळख. एका दिवसात खाज बंद, दमा मोकळा, भूक वाढलेली, चेहरा भरलेला. लोक म्हणत, तब्येत सुधारली. साखर, रक्तदाब आणि ठिसूळ हाडं मागाहून येत. मलमांचीही तीच गत. नायट्यावर लावलेलं स्टेरॉइडचं मिश्र मलम दोन दिवस खाज शांत करी आणि नायटा अंगभर पसरे. २०१८ मध्ये सरकारने अशा चौदा स्टेरॉइडांची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. चिठ्ठी न मागता ट्यूब देणारं दुकान त्यानंतरही शोधावं लागत नाही.

कुत्र्यांवर ही वाट आणखी सरळ गेली. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग मुलामागे चालत गेला आणि शहराकडेच्या वस्त्यांत पगांची लाट आली. पुढे लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, शिह त्झू. यातल्या बऱ्याच जातींना वंशानेच त्वचेची ॲलर्जी होते, बहुधा वयाच्या पहिल्या ते तिसऱ्या वर्षात. कुत्रं पंजे चाटत बसतं, कान खाजवून लाल करतं, पोट तांबडं होतं. त्यात उल्हास नदीकाठच्या चार महिन्यांच्या ओलीची भर. ॲलर्जीने खरवडलेल्या कातडीत बुरशी आणि जिवाणू घर करतात. प्रेडनिसोलोनची गोळी दिली की आठवडाभर शांतता. मग कुत्रं बादलीभर पाणी पितं, घरात मुततं, पोट सुटतं. मालकाला वाटतं, वय झालं. अवघड रुग्णाला परळ गाठावं लागतं. १८८६ मध्ये स्थापन झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि लोकांच्या तोंडी ‘बैलघोडा’ असलेलं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय तिथेच. माणसांचं केईएमही तिथून जवळच. बदलापूरहून लोकल धरणाऱ्याला दोघांचीही वाट एकच.

कुत्र्यांच्या औषधांत खरा बदल गेल्या दहा-बारा वर्षांतला. २०१३ मध्ये अमेरिकेत ओक्लासिटिनिब मंजूर झालं. खाजेचा निरोप पेशीतच अडवणारी ही गोळी वर्षाच्या आतल्या पिल्लाला देत नाहीत. पाठोपाठ खाजेच्याच एका रेणूला पकडणारं लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन आलं. त्याच सुमारास पिसवा आणि गोचीड मारणाऱ्या चघळायच्या गोळ्या आल्या. या गोळ्यांनी ॲलर्जीचं एक कारणच काढून टाकलं, कारण पिसवांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला एक-दोन चावेही पुरतात. सेट्रिझिनचा उपयोग मात्र थोड्याच कुत्र्यांना होतो. माणसाला जी गोळी लागू पडली ती कुत्र्यालाही पडेल, हा आपला जुना समज इथे उघडा पडला.

या समजाची दुसरी बाजू जिवावरची आहे. सर्दीच्या पट्टीत ॲलर्जीच्या औषधासोबत बहुधा पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारं द्रव्यही असतं. पॅरासिटामॉल मांजराला मारतं. एक गोळीही पुरे. नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रिनसारखी द्रव्यं कुत्र्याच्या हृदयावर बेततात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध मांजराला झटके आणतं. पोरांनाही ही मिश्रणं निर्धोक नाहीत. क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. मॉन्टेलुकास्टने काही रुग्णांत वाईट स्वप्नं, चिडचिड, आत्महत्येचे विचार दिसल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे मात्र ती जोडगोळी अजून साध्या शिंकांवर महिनोन्‌महिने चालते.

२७ जुलै २०१९ ला चामटोलीचं नाव देशभर झालं. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस इथे उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. बातमी दोन दिवसांत संपली. पुरानंतर भिंतींवर जी बुरशी धरते, गाद्यांत जी ओल राहते, ती पुढचे कित्येक महिने श्वासात जात राहते, आणि धुळीतले किडे अशाच ओलीत वाढतात. योगायोग असा की त्याच वर्षी एप्रिलमध्ये दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचना बदलल्या. केवळ निळ्या पंपावर दमा सांभाळू नका, सोबत श्वासातून घ्यायचं सौम्य स्टेरॉइड हवंच, असं त्यात पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं गेलं. आपल्याकडची समजूत नेमकी उलटी. ‘पंप लागला की सुटत नाही’ म्हणून लोक पंप टाळतात आणि पुडीतली पॉवरवाली गोळी निमूट गिळतात. पंपातून फुफ्फुसात जाणारी मात्रा त्या गोळीच्या तुलनेत अगदीच थोडी असते.

साठ वर्षांचा हिशोब मांडला तर औषधांनी पुष्कळ दिलं. दम्याचा माणूस रात्रभर उशीला टेकून बसत नाही, गांधीलमाशीने सुजलेलं पोर वेळेत ॲड्रिनलिन मिळालं तर वाचतं, कुत्र्याला जळकं ऑइल फासणं कमी झालं. गमावलं ते एवढंच की बिब्याच्या काळी असलेला ‘कशाने?’ हा प्रश्न मागे पडला. तो विचारला तर बरंचसं काम गोळीविना होतं. गाद्यांना ऊन, चादरी गरम पाण्यात, भिंतीची ओल, बांधावरचं गाजरगवत फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटणं, कुत्र्याला झोपायच्या खोलीबाहेर ठेवणं, त्याच्या पिसवांचा बंदोबस्त. मांजराच्या लाळेतलं आणि कातडीतलं प्रथिनच घरातल्या एखाद्याच्या शिंकांचं मूळ असेल, तर वर्षानुवर्षं गोळी खाण्याआधी ते तपासून घेणं स्वस्त पडतं.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरातला औषधांचा डबा उघडा आणि प्रत्येक पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव वाचा. नाव नसलेली पुडी घेऊ नका, डॉक्टरला नाव लिहून मागा. आधीपासून चालू असलेली स्टेरॉइडची गोळी मनाने एकदम बंद करू नका, ती उतरवत नेण्याचं काम डॉक्टरचं. माणसांची औषधं आणि जनावरांची औषधं वेगळ्या डब्यांत ठेवा, आणि माणसांच्या डब्यातली गोळी पशुवैद्याला विचारल्याशिवाय कुत्र्या-मांजराच्या तोंडात घालू नका.