जुना प्रोसेसर, नवे ग्राफिक्स कार्ड : जोडी जमेल का?

परीक्षा संपल्या की अनेक घरांत हा विषय निघतो. घरचा संगणक जुना झाला, नवे खेळ त्यावर चालत नाहीत, तेव्हा एक चांगले ग्राफिक्स कार्ड घेऊन द्या! मागणी लहान वाटते, पण किंमत कळली की आईवडील एकमेकांकडे पाहू लागतात. दिल्लीचे नेहरू प्लेस असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुकानात दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. कुणी म्हणतो, नुसते कार्ड बसवा, मशीन पळू लागेल. कुणी म्हणतो, जुन्या प्रोसेसरवर नवे कार्ड म्हणजे पैसे पाण्यात. सगळा संगणकच बदला. हे दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. खरे उत्तर घरातला मॉनिटर, मुलांचे आवडते खेळ आणि प्रोसेसरचे वय यांवर अवलंबून असते.

एक लाटतो, दुसरा भाजतो

स्वयंपाकघरात एक जण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो, तशीच ही जोडी आहे. खेळातली पात्रे कुठे जातील, गाडी कशी धडकेल, शत्रू काय करेल, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि चित्र काढण्याचा आदेश देतो. ते चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. लाटणारा हळू असेल तर शेगडी कितीही मोठी आणली तरी तवा रिकामाच राहणार. संगणकाच्या भाषेत यालाच ‘बॉटलनेक’ म्हणतात.

आता मॉनिटरकडे वळू. 1920 गुणिले 1080 च्या पडद्यावर सुमारे 20 लाख 74 हजार बिंदू रंगवावे लागतात. 3840 गुणिले 2160 च्या, म्हणजे ‘फोर के’ पडद्यावर ते बरोबर चौपट होतात, सुमारे 83 लाख. पडदा मोठ्या रिझोल्यूशनचा झाला की भाजण्याचे काम वाढते, लाटण्याचे मात्र जवळपास तेवढेच राहते. त्यामुळे जुना प्रोसेसर साध्या पडद्यावर जितका अडखळताना दिसतो, तितका फोर केवर दिसत नाही, कारण तिथे कार्डालाच घाम फुटलेला असतो.

खेळ कोणता, हेही महत्त्वाचे. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक 2 यांसारख्या चढाओढीच्या खेळांत सेकंदाला शेकडो चित्रे हवी असतात, म्हणून तिथे भार प्रोसेसरवर पडतो. शहर वसवण्याच्या किंवा विमान चालवण्याच्या खेळांचेही तसेच. याउलट देखणी दृश्ये दाखवणाऱ्या कथाप्रधान खेळांत कार्डाचा कस लागतो. 2024 सालचा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ तर रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डावर चालतच नाही. तिथे प्रोसेसर बदलून उपयोग नाही, कार्डच हवे.

आधी घरीच तपासा

पैसे खर्च करण्यापूर्वी फुकटात होणारी एक परीक्षा आहे. नेहमीचा खेळ सुरू करा आणि सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन बरेच कमी करा. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, म्हणजे एफपीएस, चांगलीच वाढली तर अडचण कार्डाची आहे. ती जागची हलली नाही, तर बहुधा प्रोसेसर थकला आहे. अशा वेळी नव्या कार्डाने पडद्यावर दिसण्याजोगा फरक पडणार नाही. खेळ सुरू असताना टास्क मॅनेजरमध्येही डोकावा. कार्ड 95 टक्क्यांच्या पुढे राबत असेल तर तेच कमी पडते आहे. ते 50-60 टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि एफपीएसवर कुठलीही मर्यादा लावलेली नसेल, तर ते प्रोसेसरची वाट पाहत बसले आहे.

मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला 60 च चित्रे दाखवू शकतो. जुना प्रोसेसर तेवढी सहज पुरवत असेल, तर केवळ जुना म्हणून त्याला घराबाहेर काढण्याची घाई नको.

कार्ड निवडताना

जुन्या मदरबोर्डावर कार्डाच्या ‘लेन’ जरूर पाहा. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधला हा रस्ता असतो. 2022 साली आलेल्या एएमडीच्या आरएक्स 6500 एक्सटी कार्डाला चारच लेन आणि चारच जीबी मेमरी आहे. पीसीआय एक्सप्रेस 3.0 च्या जुन्या बोर्डावर हा अरुंद रस्ता अर्ध्या वेगाचा होतो आणि खेळ अडखळतात. 2021 च्या एनव्हिडिया आरटीएक्स 3060 ला 16 लेन आहेत, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याची अशी कुचंबणा होत नाही. इंटेलची आर्क कार्डे स्वस्त वाटली तरी त्यांना ‘रिसायझेबल बार’ ही सोय लागते. स्वतः इंटेल त्यांच्यासाठी आपला दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर सुचवते.

एसएमपीएसकडे दुर्लक्ष करू नका. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, उरलेली वीज एसएमपीएसच्या वेगळ्या वायरीतून घ्यावी लागते. आरटीएक्स 3060 ला 170 वॅट लागतात, 2023 च्या आरटीएक्स 4060 ला 115. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर असा भार टाकणे म्हणजे सगळ्या संगणकाचाच जीव धोक्यात घालणे. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, तेही फूटपट्टीने मोजून घ्या.

कोणी काय करावे?

2013 च्या सुमारास घेतलेला चार कोअरचा आय-5 असेल, तर महागडे कार्ड त्याच्या गळ्यात बांधू नये. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 अशा प्रोसेसरला अधिकृतपणे मान्यता देत नाही. इथे पैसे साठवून पुढे पूर्ण संच घेणेच शहाणपणाचे.

2017 चा रायझन 5 1600 असेल, तर नशीब चांगले समजा. त्याच्या एएम 4 सॉकेटच्या बहुतेक बोर्डांवर, निर्मात्याने बायोस अद्ययावत करून दिलेले असल्यास, रायझन 5 5600 सारखा कितीतरी वेगवान प्रोसेसर बसतो. बोर्ड आणि रॅम तेच राहतात. आधी हा बदल करावा, मग मध्यम किमतीचे कार्ड घ्यावे.

इंटेलच्या आठव्या ते दहाव्या पिढीचा सहा कोअरचा प्रोसेसर असेल, तर मध्यम कार्डाशी त्याचा संसार अजून सुखाने होऊ शकतो. रॅमची एकच पट्टी असेल तर तसलीच दुसरी बसवा. दोन पट्ट्या जोडीने काम करतात आणि प्रोसेसरला दम मिळतो.

बजेट तोकडे असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. नव्या पिढीचा प्रोसेसर घेताना बहुधा बोर्ड आणि रॅमही बदलावी लागते, पण कार्ड मात्र जुन्या संगणकातून काढून नव्यात बसवता येते. म्हणून पुढच्या वर्षी-दोन वर्षांत संगणक बदलण्याचे खरोखरच ठरले असेल, तर आज घेतलेले चांगले कार्ड वाया जात नाही. तसे ठरले नसेल, तर प्रोसेसरला झेपेल एवढेच कार्ड घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या एसएमपीएसवर खर्च करा.